बॅलन्स बाइकवरून पायडलवर: पायांची तीन कामं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी सव्वाचार वर्षांची आहे. दोन वर्षांची असल्यापासून बॅलन्स बाइक, म्हणजे पायडल नसलेली, पायांनी जमीन रेटत चालवायची छोटी दुचाकी, चालवते, आणि इतकी सफाईने की दोन्ही पाय उचलून अख्खा उतार उतरते. म्हणून तुम्ही तिला १६ इंची चाकांची, पायडलची सायकल आणलीत. त्या सायकलवर बसवलं की मात्र ती ताठ होते, पाय जमिनीवर रोवते, तुम्ही सीट धरून ढकललंत की रडते आणि जुनी बाइक मागते. 'तोल आला की पायडल आपोआप येतं' असं सगळे सांगत होते, मग हिचंच काय अडलं? आता बाजूची छोटी चाकं लावावीत का?

छोटी चाकं लावू नका. बाकीचं सविस्तर सांगते. तीन ते सात वर्षांच्या मुलांना सायकल शिकवणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे, आणि तुम्ही जे वर्णन केलंत ते मी इतक्यांदा पाहिलंय की तुमच्या लेकीचं काही चुकतंय असं मला अजिबात वाटत नाही. तिचा जीव घाबरतो त्याला चांगलं कारण आहे.

बॅलन्स बाइकवर पाय काय काय करतात ते एकदा शांतपणे बघा. पाय जमिनीला रेटा देतात, म्हणजे तेच इंजिन. थांबायचं झालं की पाय घासतात, म्हणजे तेच ब्रेक. आणि थांबल्यावर किंवा तोल गेल्यावर पाय टेकतात, म्हणजे तेच स्टँड. दोन वर्षं तिने ही तिन्ही कामं पायांकडून करून घेतली. मग एक दिवस तुम्ही नवी सायकल आणता आणि म्हणता, 'पाय वर ठेव आणि गोल फिरव.' त्या एका वाक्यात तिचं इंजिन बदललं, ब्रेक गेला आणि स्टँडही गेला. शिवाय सायकल उंच, जड, आणि तुमचा हात सीटवर. मोठं माणूससुद्धा अशा वेळी ताठ होईल.

तोल आला की पायडल येतं, हे खोटं नाही. अर्धवट आहे. तोल हा सायकलचा अवघड भाग, तो तिला आला. पण तोल येणं वेगळं आणि पायांची तीन कामं दुसऱ्या कुणाकडे सोपवणं वेगळं. ही कामं एकदम काढून घ्यायची नाहीत, एकेक करून काढायची. आधी ब्रेकचं काम हाताकडे द्यायचं, मग पायांना काहीही न करता नुसतं पायडलवर बसायला शिकवायचं, आणि गोल फिरवणं सगळ्यात शेवटी. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. पहिल्याच मिनिटाला 'पायडल मार, पायडल मार' सुरू होतं, आणि ब्रेकची आठवण मूल पहिल्यांदा भिंतीकडे निघतं तेव्हा येते.

पण या सगळ्याच्या आधी सायकल तपासा, कारण तुमच्या बाबतीत मला पहिला संशय तिचाच आहे.

मुलीला बूट घालून भिंतीला पाठ लावून उभी करा. एक पातळ, टणक पुठ्ठ्याचं पुस्तक तिच्या दोन पायांच्या मधे आडवं धरून वर अगदी टेकेपर्यंत सरकवा आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. ही तिच्या पायाची आतली उंची. सव्वाचार वर्षांच्या मुलांत ती बऱ्याचदा ४२ ते ४६ सेंटिमीटरच्या आसपास येते, पण अंदाज नको, मोजाच. आता नव्या सायकलची सीट शक्य तितकी खाली करा आणि जमिनीपासून सीटचा माथा मोजा. शिकण्याच्या दिवसांत सीट पायाच्या उंचीइतकी किंवा एक-दोन सेंटिमीटर कमी हवी, म्हणजे बसल्या बसल्या दोन्ही तळवे पूर्ण टेकतील. १६ इंची सायकलींच्या सीट सगळ्यात खाली आणल्या तरी अनेकदा त्याहून उंच राहतात. फक्त चवडे टेकत असतील तर तिचं स्टँड गेलंच म्हणून समजा, आणि मग तुम्ही कितीही प्रेमाने समजावलंत तरी तिचं शरीर ऐकणार नाही. सायकल 'वाढत्या अंगाची' घ्यायची सवय आपल्याला कपड्यांवरून लागलेली असते. कपडे ढगळ असले तर फार तर वाईट दिसतात, ढगळ सायकल शिकूच देत नाही. मोजमाप चार-पाच सेंटिमीटरने चुकत असेल तर १४ इंची सायकल कुणाकडून काही महिन्यांसाठी मागून आणा, आणि ही १६ इंची जपून ठेवा. ती वाया जाणार नाही.

दुसरं वजन. तुमच्या मुलीचं वजन १६ किलो धरलं आणि सायकल ९ किलोची असली, तर ती ७० किलोच्या माणसाला ४० किलोची सायकल दिल्यासारखं आहे. तशी सायकल आपण स्वतःहून कधी चालवू का? लहान मुलांच्या सायकलींवर टोपली, मागचं कॅरिअर, जाड मडगार्ड, घंटा, स्टँड असं बरंच ओझं लादलेलं असतं. शिकेपर्यंत घंटेखेरीज सगळं उतरवा. चेनवरचं झाकण मात्र काढू नका, पायजमा आणि बोटं दोन्ही त्यामुळे वाचतात.

तिसरी गोष्ट लोक सहसा बघत नाहीत: पायडल मारायला किती जड आहे. पुढच्या आणि मागच्या दातेरी चक्राचे दाते मोजा. पुढे ३२ आणि मागे १६ असतील तर पायडलच्या एका फेरीत मागचं चाक दोनदा फिरतं, म्हणजे १६ इंची सायकल साधारण अडीच मीटर पुढे जाते. जागेवरून निघताना चार वर्षांच्या पायांना हे बऱ्यापैकी जड आहे. प्रमाण दुपटीपेक्षा कमी असलं तर पहिला जोर हलका लागतो. तुमच्या सायकलचं जास्त असेल तर लगेच बदलू नका, फक्त शिकायची जागा निवडताना ते लक्षात ठेवा. त्याबद्दल पुढे सांगते.

आणि चौथी, मागे पायडल मारलं की लागणारा ब्रेक. काही देशांत लहान मुलांच्या सायकलींना हाच असतो, काही ठिकाणी हातांचे दोन ब्रेक असतात. बॅलन्स बाइकवरून आलेल्या मुलांसाठी माझी पसंती हातांच्या ब्रेकलाच आहे, आणि मागचं चाक मोकळं असावं, म्हणजे पायडल मागे सहज फिरावं. कारण अशी मुलं घाबरली किंवा पायडल शोधायला लागली की पाय हमखास मागे ढकलतात. पायांचा ब्रेक असेल तर त्या क्षणी सायकल गचकन थांबते, तोल जातो, आणि मुलाच्या मनात बसतं की पायडलनेच मला पाडलं. असा ब्रेक असलेलीच सायकल हाताशी असेल तर शिकता येतं, पण मग तो ब्रेक आधी वेगळा शिकवावा लागतो: हळू चालत्या सायकलवर, तुम्ही सोबत असताना, मुद्दाम दहा-बारा वेळा मागे दाबून थांबायचं.

आता शिकवणं. पहिली पायरी ऐकून तुम्हाला मागे गेल्यासारखं वाटेल. नव्या सायकलचं पायडल काढून टाका. दोन्ही बाजूंचं. साधारणपणे १५ मिलिमीटरचा पाना लागतो. एक खबरदारी: डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. नेहमीच्या सवयीने फिरवलं तर ते सैल व्हायच्या ऐवजी आणखी घट्ट बसतं, आणि लोक जोर लावून आटे खराब करतात. सोपी खूण सांगते. पाना पायडलला लावून त्याचं टोक वरच्या बाजूला ठेवा आणि मागच्या चाकाच्या दिशेने ओढा. दोन्ही बाजूंना हीच दिशा, दोन्ही पायडलं अशीच सुटतात. काढल्यावर कुठलं डावं, कुठलं उजवं यावर चिकटपट्टी लावून ठेवा. सहसा त्यांच्यावर इंग्रजी अक्षर कोरलेलं असतं, पण ते तेलकटपणात दिसत नाही.

पायडल काढलेली ही सायकल म्हणजे एक मोठी, जड बॅलन्स बाइक झाली. आता तिला सांगा, ही तुझी मोठी बॅलन्स बाइक. काही दिवस तेवढंच. नवी उंची, नवं वजन, हँडलच्या अंतराचा नवा अंदाज, हे सगळं ती ओळखीच्या पद्धतीने आपलंसं करील. पायडल ज्या दांड्यांना लागतं ते दांडे पोटरीला कधीकधी लागतात, म्हणून लांब पायजमा घालू द्या. दोन-तीन दिवसांत ती जुन्या बाइकइतक्याच सहज पाय उचलून घरंगळायला लागली, वळायला लागली, की पुढे जायचं. हे दोन-तीन दिवस वाया जातायत असं पालकांना फार वाटतं. माझ्या अनुभवात पुढचे दोन-तीन आठवडे इथेच वाचतात.

एक आठवण यानिमित्ताने. दोन चाकांचं पहिलं वाहन जर्मनीत कार्ल ड्राइस यांनी १८१७ साली चालवून दाखवलं, आणि त्याला पायडल नव्हतं. लाकडी चाकं, बसायला जागा, पायांनी जमीन रेटायची. पुढच्या चाकाला पायडल लागलं ते १८६० च्या दशकात, फ्रान्समध्ये. म्हणजे तोल सांभाळता येतो हे कळल्यावरही पायांना जमिनीवरून उचलून फिरवायला लावणं मोठ्या माणसांनाही पटकन सुचलं नव्हतं. तुमच्या लेकीला काही आठवडे लागले तर त्यात नवल ते काय.

याच दिवसांत ब्रेक हाताकडे द्या. ही पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे. आधी बघा की तिच्या बोटांना ब्रेकची दांडी पोहोचते का. बहुतेक दांड्यांवर एक बारीक स्क्रू असतो, तो आत फिरवला की दांडी हँडलच्या जवळ येते. मग सायकलच्या शेजारी उभी राहून, सायकल ढकलत चालत, तिला ब्रेक दाबायला सांगा. दोन बोटांनी दाबून चाक अडलं पाहिजे. अडत नसेल तर तार खूप घट्ट, गंजलेली किंवा ढिली आहे. ते दुरुस्त होईपर्यंत पुढे जाऊ नका. जो ब्रेक लागतच नाही त्यावर विश्वास ठेव असं मुलाला कसं सांगणार?

मग खेळ. जमिनीवर खडूने रेघ मारा. घरंगळत ये आणि पुढचं चाक रेघेवर थांबव, पण हाताने. पाय ब्रेकनंतर टेकायचे. मी मुलांना म्हणते, 'आधी बोटं, मग बूट.' हे त्यांच्या तोंडात बसतं. पहिल्या दिवशी ती पाय घासणारच, दोन वर्षांची सवय आहे. रागवू नका, रेघ थोडी पुढे-मागे करत राहा. दोन्ही ब्रेक एकत्र हळूहळू दाबायला शिकवा, नुसता पुढचा गचकन दाबला तर मागचं चाक उचलतं. कुठल्या हाताला कुठला ब्रेक हे देशागणिक बदलतं, त्यामुळे तुमच्या सायकलवर मागचा कुठला ते आधी स्वतः पाहून घ्या. ती दहापैकी सात-आठ वेळा हाताने थांबली की समजा, पायांचं एक काम कमी झालं. आणि खरं सांगते, या टप्प्यावर मुलांचा चेहरा बदलतो. थांबणं आपल्या हातात आहे हे कळलं की निघायची भीती अर्धी होते.

आता पायडल परत लावा. लावताना आधी हाताने फिरवून आटे बसवा, मग पान्याने घट्ट करा. तिरकं बसलेलं पायडल जोर लावून घट्ट केलं तर तो दांडाच बदलावा लागतो.

आणि लगेच पायडल मारायला सांगू नका. ही माझी सगळ्यात कळकळीची विनंती आहे.

एक अगदी मंद उतार शोधा, इतका मंद की चेंडू ठेवला तर तो हळूहळू निघेल. खाली सपाट, मोकळी जागा हवी. जमीन टणक आणि गुळगुळीत. गवतावर पडलं तर लागत नाही म्हणून लोक गवत निवडतात, पण वाढलेल्या गवतावर सायकल पुढेच जात नाही. चार वर्षांच्या मुलाला तिथे दुप्पट जोर लावावा लागतो, वेग मिळत नाही, आणि वेग नसला की तोल राहत नाही. दात्यांच्या प्रमाणामुळे पायडल मारायला जड असेल तर हा मंद उतार आणखी गरजेचा. पहिला जोर उतार लावतो, पायांना फक्त सोबत जायचं असतं.

वेगाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण इथे मोठ्यांची समज उलटी असते. सायकल पडायला लागते त्या बाजूला हँडल किंचित वळतं, चाकं पुन्हा शरीराच्या खाली येतात, आणि सायकल सावरते. हे आपण सगळे नकळत सतत करत असतो. वेग असला तर हँडल एवढंसं वळवून भागतं. वेग कमी असला की तेवढ्याच सावरण्यासाठी हँडल खूप वळवावं लागतं, म्हणून हळू सायकल डुगडुगते. पालक घाबरून मुलाला अगदी मुंगीच्या पावलांनी ढकलतात आणि 'हळू, हळू' म्हणतात, त्याने काम अवघड होतं. चालण्यापेक्षा थोडा जास्त, तुम्ही हलकं पळाल एवढा वेग हवा. तुमची लेक उतारावर हा वेग रोज अनुभवते, तिला तो परका नाही.

तर त्या उतारावर फक्त एवढंच: नेहमीसारखे दोन-तीन रेटे मार, घरंगळायला लाग, आणि पाय हवेत ठेवण्याऐवजी पायडलवर ठेव. फिरवायचं नाही. पायांना पायडल शोधू दे. खाली पोहोचलीस की बोटांनी ब्रेक, मग बूट. पुन्हा वर. पायडल वर-खाली असेल तर पाय लवकर सापडत नाहीत, म्हणून निघण्याआधी दोन्ही पायडलं आडवी, एका पातळीत ठेवून द्या. सुरुवातीला ती खाली बघेल. बघू दे. चार-पाच खेपांत पाय न बघता जागा शोधतात. मग तुम्ही उताराच्या पायथ्याशी उभं राहा, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर हाताची बोटं दाखवा आणि विचारा, किती? ती बोटं मोजायला वर बघते, आणि नजर वर गेली की सायकल सरळ चालते. 'खाली बघू नको' हे शंभरदा सांगून जे होत नाही ते या एका प्रश्नाने होतं.

गोल फिरवणं ही हालचाल तिने आधी केलीय का, हा वेगळा प्रश्न. तीन चाकी सायकल चालवलेल्या मुलांना ती माहीत असते. फक्त बॅलन्स बाइकवर वाढलेल्या मुलांच्या पायांना सरळ मागे रेटायची सवय असते, आणि ती पायडललाही तशीच रेटतात, म्हणजे अर्धी फेरी पुढे, अर्धी मागे. त्यासाठी उभ्या जागी सराव करा. एकाने पुढून, पुढचं चाक गुडघ्यांत धरून, हँडल पक्कं पकडायचं. दुसऱ्याने सीटच्या मागून सायकल उचलून मागचं चाक जमिनीपासून दोन बोटं वर ठेवायचं. मुलगी बसून चाक फिरवते, आणि चाकाचा भन्नाट आवाज येतो. तिची बोटं आणि कपडे चाकापासून, चेनपासून लांब ठेवा. दोन-दोन मिनिटांच्या दोन-चार खेपा पुरतात. 'गोल' हा शब्द मुलांना फारसा कळत नाही. मी म्हणते, 'एक पाय जिना चढतोय, दुसरा उतरतोय.'

यानंतर त्याच उतारावर, घरंगळताना, पाय पायडलवर असताना सांगा, 'आता एक जिना.' एक फेरी. पुढच्या खेपेला दोन. वेग आधीच आहे, तोल तिचा स्वतःचा आहे, फक्त पाय फिरतायत. बहुतेक मुलं तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर थांबतच नाहीत, सपाट जागा संपेपर्यंत जातात. एक नवी अडचण इथे दिसेल: पायडल दाबताना सायकल त्या बाजूला झुकते, आणि हँडल डावी-उजवी नागमोडी होतं. बॅलन्स बाइकवर पायाचा जोर जमिनीवर जायचा, आता तो सायकलवरच येतो, म्हणून हातांना तो झेलायला शिकावं लागतं. हे दिसलं की काही सुधारू नका. दोन-चार दिवसांत हात आपोआप शिकतात.

आता तुमच्या हाताबद्दल. सीट धरू नका, हँडल तर अजिबात धरू नका. सायकल धरली की तिला झुकता येत नाही, आणि झुकलेली सायकल सावरणं हेच तर तिला येतं. तुम्ही तेच काढून घेता. मुलगी रडते ती बहुधा यामुळेच, सायकल तिच्या ऐकण्यात राहत नाही. आधार द्यायचाच असेल तर मुलीला द्या, सायकलला नको. तिच्या मागे किंचित बाजूला राहून पळा आणि पाठीवर, खांद्यांच्या मधे, तळहात नुसता टेकवा. फार घाबरत असेल तर काखेखाली दोन्ही हात सैल ठेवा, पडली तरच पकडायला. आणि सोडणार असाल तर सांगून सोडा. 'धरलंय, धरलंय' म्हणत गुपचूप सोडण्याची पद्धत जुनी आहे, अनेकांना त्यानेच आली, तरीही मला ती पटत नाही. मूल मागे वळून बघतं, पडतं, आणि पुढच्या वेळी तुमच्या शब्दावर विसंबत नाही. सायकलपेक्षा ते नुकसान मोठं.

बाजूच्या छोट्या चाकांना मी सुरुवातीलाच नाही म्हटलं, त्याचंही कारण हेच. त्या चाकांवर सायकल झुकतच नाही. वळताना मूल बाहेरच्या बाजूला फेकलं जातं आणि आधाराच्या चाकावर रेलायची सवय लागते, ती दोन चाकांच्या नेमकी उलट. तुमच्या मुलीने दोन वर्षांत जे कमावलं ते यात जातं. पोर्तुगालमधल्या संशोधकांनी मुलं कुठल्या वयात स्वतंत्र सायकल शिकली याची तुलना केली होती. बॅलन्स बाइकवरून आलेली मुलं सरासरी चार वर्षांच्या थोडी पुढे शिकलेली आढळली, आणि छोट्या चाकांवरून आलेली सहाच्या जवळपास. सरासरी म्हणजे तुमच्या मुलीची तारीख नव्हे, पण दिशा स्पष्ट आहे.

ती सपाट जमिनीवर वीस-तीस मीटर जायला लागली की जागेवरून निघणं शिकवा, त्याआधी नाही. तोपर्यंत तिच्या पद्धतीने, दोन रेटे मारून, निघू दे. जागेवरून निघायला एक पायडल वर आणि जरा पुढे हवं. उजव्या बाजूने पाहिलं तर घड्याळात दोन वाजताना लहान काटा असतो त्या जागी. एक पाय जमिनीवर, दुसरा त्या पायडलवर, जोरात दाब, आणि जमिनीवरचा पाय लगेच वर. पायडल त्या जागी आणायला तिला बुटाच्या पुढच्या भागाने ते खालून उचलायला शिकवा, मोकळं चाक असेल तर ते सहज येतं. पायांचा ब्रेक असेल तर सायकल थोडी पुढे ढकलून पायडल जागेवर आणावं लागतं. कुठला पाय आधी, हे तिलाच ठरवू दे.

सुरक्षेचं थोडं. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, डोक्यावर आडवं. पट्ट्या कानाखाली इंग्रजी 'व्ही'सारख्या, हनुवटीखाली एक बोट जाईल एवढंच सैल. झोपाळा-घसरगुंडीवर जाताना हेल्मेट काढायलाच हवं, पट्टी अडकून गळ्याला फास बसू शकतो. बोटं झाकणारे बूट, नाडी आत खोचलेली. हातमोजे असले तर उत्तम, कारण मुलं पडताना आधी तळवे टेकतात. हँडलची दोन्ही टोकं रबराने पूर्ण झाकलेली आहेत का, हे आजच बघा. फाटलेल्या मुठीतून नळीची कड बाहेर आली असेल तर पडताना ती पोटात घुसल्यासारखी लागते. हँडल पोटावर आदळलं आणि नंतर पोट दुखतंय, उलटी होतेय किंवा मूल मलूल दिसतंय, तर वरून जखम दिसत नसली तरी डॉक्टरांना लगेच दाखवा. आतली दुखापत बाहेरून कळत नाही.

रस्त्यावर मात्र नाही. पायडल येणं आणि रहदारी कळणं यांत काही वर्षांचं अंतर आहे. येणारी गाडी किती वेगात आहे याचा अंदाज या वयात येत नाही. बंद मैदान, बाग, गाड्या नसलेलं आवार, एवढंच.

एका वेळी दहा-पंधरा मिनिटं पुरे. ती 'आणखी एकदा' म्हणत असताना थांबलात तर उद्या ती स्वतः सायकल आणेल. थकल्यावर पडली तर उद्या आणणार नाही. एका वेळी एकच सूचना द्या. पुढे बघ, पायडल मार, हँडल सरळ, ब्रेक धर, हे चारही एका श्वासात ऐकून कुणालाच काही करता येत नाही. ती 'नको' म्हणाली तर त्या दिवशी नको. सलग तीन-चारदा 'नको' आलं तर सायकल दोन आठवडे नजरेआड करा आणि विषयही काढू नका. माझ्याकडे येणाऱ्या मुलांत काही पहिल्याच पंधरा मिनिटांत निघून जातात, काही दोन महिने घेतात, आणि वर्षभराने कोण कसं शिकलं हे बघून ओळखता येत नाही. पायऱ्या चढताना-उतरताना ती सारखी अडखळते, धावताना वारंवार पडते, एका पायावर क्षणभरही उभी राहू शकत नाही असं काही दिसत असेल तर तो सायकलचा प्रश्न नाही, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. उतार पाय उचलून उतरणाऱ्या मुलीबद्दल मला तशी शंका वाटत नाही.

ती सहज चालवायला लागली की सीट एकेक सेंटिमीटर वर घ्यायला लागा. शिकताना खाली असलेली सीट नंतर गुडघ्यांना जड जाते, आणि पालक ती वर करायला विसरतात. बसल्यावर चवडे टेकतील, टाच उचललेली राहील, इथपर्यंत हळूहळू यायचं. तिला एकदम कळेल एवढा बदल नको.

आणि जुनी बॅलन्स बाइक. ती कुणाला देऊन टाकू नका, निदान सध्या नको. मैदानावर दोन्ही घेऊन जा. ती अर्धा वेळ जुनीवरच बसली तरी बसू दे, तिथेही ती ब्रेक, वळण, वेग यांचाच सराव करतेय. जुनीला हाताचा ब्रेक नसेल तर रेघेवर थांबण्याचा खेळ तेवढा नवीवर घ्या. आज संध्याकाळी आधी पुस्तक घेऊन तिच्या पायाची उंची मोजा आणि सीटशी ताडून बघा. सीट उंच निघाली तर बाकीचं सगळं छोटी सायकल मिळेपर्यंत थांबवा. बरोबर बसली, तर पाना घ्या आणि पायडल काढा.